डोक्याला मार आणि रक्तातला वाढता दाह: इंदूरमधलं एक प्रकरण

डोक्याला जोराचा मार लागलेल्या रुग्णाच्या रक्तात सीआरपी, प्रोकॅल्सिटोनिन (दोन्ही शरीरातला दाह दाखवणारे रक्तातले घटक) आणि पांढऱ्या पेशींचं गणित वर जाणारच. प्रश्न असतो तो त्या वाढीवर काय करायचं याचा. इंदूरमधल्या एका न्यूरो-आयसीयूतल्या या प्रकरणात असे निर्णय तीनदा घ्यावे लागले आणि तिन्ही वेळा एखादा आकडा, रक्तातला किंवा तापाचा, वरवर एकच गोष्ट सांगत होता: परिस्थिती वाईट आहे. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

४८ वर्षांचे गृहस्थ. कापड बाजारातल्या एका पेढीवर हिशेब बघायचे. घरात मराठी, बाहेर हिंदी. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, रक्त पातळ करणारं औषध चालू नाही. रात्री साडेनऊच्या सुमारास बायपासच्या सर्व्हिस रोडवर स्कूटर घसरली. हेल्मेट डिकीत होतं.

१०.१५ ला त्यांना जवळच्या एका छोट्या रुग्णालयात नेलं. जीसीएस (शुद्धीची पातळी मोजणारे गुण; पूर्ण शुद्धीत १५) ११ नोंदवला: डोळे ३, बोलणं ३, हालचाल ५. दोन्ही बाहुल्या ३ मिमी, उजेडाला प्रतिसाद देणाऱ्या. ऑक्सिजन ९१ टक्के, रक्तदाब १०४/६६. बोलण्याच्या ३ गुणांबद्दल थोडं सांगायला हवं. नोंद करणाऱ्या परिचारिकेला मराठी येत नव्हतं, म्हणून तिने ‘असंबद्ध शब्द’ लिहिलं. पत्नी शेजारीच होत्या; त्यांच्या सांगण्यानुसार ते ‘पाणी दे, माझा चष्मा कुठाय’ असं अख्खं वाक्य बोलत होते. म्हणजे गुण ४ हवे होते. जीसीएस उतरतोय की चढतोय हे बघताना असा एका गुणाचा फरक महागात पडू शकतो. घरच्या माणसाला ‘हे काय म्हणतायत?’ एवढं विचारलं तरी काम भागतं.

१०४ हा रक्तदाबही दिसायला ठीक वाटतो, पण मेंदूला मार असलेल्या १५ ते ४९ वयोगटात वरचा आकडा ११० च्या खाली जाऊ देऊ नये अशी मार्गदर्शक तत्त्वं आहेत. सुजलेल्या मेंदूत रक्त ढकलायला तेवढा जोर लागतो.

त्या रुग्णालयात १०.४० ला रक्त घेतलं, १०.५० ला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड ८ मिग्रॅ आणि मेंदूची सूज उतरवणारं मॅनिटॉल दिलं, ११.०५ ला सीटी काढला आणि पुढे पाठवलं. सीटीत डाव्या कपाळाच्या आणि कानशिलाच्या भागात सुमारे २२ मिलिलीटरचं कन्ट्युजन (मेंदूतली रक्ताळलेली मुकी जखम), ६ मिमी जाडीचा सबड्युरल, म्हणजे मेंदूच्या आवरणाखालचा, रक्तसाका आणि ४ मिमी मिडलाइन शिफ्ट (मेंदूची मधली रेषा सरकणं) होता.

मोठ्या रुग्णालयात ते १२.१० ला पोचले. अपघाताला तीन तास भरायला वीस मिनिटं होती. रक्तस्राव रोखणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड लगेच सुरू केलं: १ ग्रॅम १० मिनिटांत, पुढचा १ ग्रॅम ८ तासांत. २०१९ च्या क्रॅश-३ चाचणीत (१२,७३७ रुग्ण) तीन तासांच्या आत दिलेल्या या औषधाचा फायदा सौम्य ते मध्यम इजेच्या रुग्णांत दिसला, आणि हे रुग्ण त्याच गटातले. सलाइनने रक्तदाब ११० च्या वर आणला, डोकं ३० अंशांवर, ऑक्सिजन ९५ च्या पुढे. झटके येऊ नयेत म्हणून लेव्हेटिरॅसिटॅम निवडलं. ही निवड आठवड्याने फार उपयोगी पडली.

हे आकडे मोजतात काय

फुटलेल्या पेशींतून बाहेर पडलेला ऐवज मेंदूतल्या मायक्रोग्लिया या राखणदार पेशींना जागं करतो. इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ आणि टीएनएफ ही रसायनं सुटतात, मेंदू आणि रक्त यांच्यातला पडदा सैल होतो, सूज वाढते. ती रसायनं रक्तात उतरली की इंटरल्युकिन-६ यकृताकडून सीआरपी तयार करून घेतो. त्यामुळे सीआरपी नेहमी मागाहून येतो: वाढ सहा ते बारा तासांनी सुरू होते, साधारण दर आठ तासांनी दुप्पट होते आणि शिखर दोन ते तीन दिवसांत येतं. त्याचा अर्धायुकाल सुमारे १९ तास, म्हणजे कारण थांबलं की आकडा झपाट्याने उतरतो. प्रोकॅल्सिटोनिन चार ते सहा तासांत हलतं, जिवाणूंच्या संसर्गात जास्त चढतं. पण मोठा मार किंवा शस्त्रक्रिया यांनंतर पहिल्या एक-दोन दिवसांत संसर्ग नसतानाही वाढतं.

न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींच्या दोन प्रकारांचं एकमेकांशी प्रमाण, म्हणजे एनएलआर, साध्या सीबीसीतून (रक्तपेशींच्या नेहमीच्या मोजणीतून) निघतं. दाखल होताना ते जास्त असेल तर परिणाम वाईट असण्याचा कल बऱ्याच अभ्यासांत दिसला आहे. कल समूहाचा असतो. बेडवर एक माणूस असतो, आणि त्याच्या शरीरात त्या पाच-सहा तासांत आणखी काय काय गेलंय हे त्या प्रमाणात दिसत नाही.

पहिला निर्णय: एनएलआर १८, शस्त्रक्रिया करायची का?

पहाटे ४ वाजता पुन्हा रक्त घेतलं. पांढऱ्या पेशी १९,४००, न्यूट्रोफिल ९१ टक्के, लिम्फोसाइट ५ टक्के. एनएलआर १८.२, साखर २३८. ५ वाजता दुसरा सीटी: कन्ट्युजन ३४ मिलिलीटर, शिफ्ट ६ मिमी. सव्वापाचला जीसीएस ८ वर आला (डोळे २, बोलणं २, हालचाल ४) आणि डावी बाहुली ४ मिमी, मंद. लगेच श्वासनळीत नळी घातली.

रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरांनी नोंदीत लिहिलं होतं: ‘एनएलआर १८, परिणाम वाईट असण्याची शक्यता.’ ते रुग्णाच्या धाकट्या भावाने वाचलं. त्यांनी विचारलं, “साहेब, रिपोर्टातच लिहिलंय वाईट, तर मग दादाचं डोकं उघडून त्याला उगाच त्रास कशाला द्यायचा?”

प्रश्न प्रामाणिक होता आणि उत्तर दहा मिनिटांत द्यायचं होतं. वरिष्ठ न्यूरोसर्जननी आदल्या रुग्णालयाचा कागद मागवला. १०.४० च्या नमुन्यात पेशी १४,२००, न्यूट्रोफिल ७८, लिम्फोसाइट १६, एनएलआर ४.९. दोन नमुन्यांच्या मध्ये डेक्सामेथासोन गेलं होतं. स्टेरॉइड रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटलेले न्यूट्रोफिल प्रवाहात सोडतं आणि लिम्फोसाइट रक्तातून बाहेर वळवतं. हा परिणाम चार ते सहा तासांत भरात येतो. ४ चा नमुना इंजेक्शननंतर पाच तास दहा मिनिटांनी घेतलेला. मारामुळेही एनएलआर पहिल्या दिवशी चढतं, म्हणून १८ मधला किती वाटा औषधाचा आणि किती मेंदूच्या इजेचा हे वेगळं काढता येत नाही. आणि वेगळं काढता येत नाही, तर त्यावर आयुष्याचा निर्णय टेकवता येत नाही. साखर २३८ होण्यातही स्टेरॉइडचा हात असणार.

समोर तीन मार्ग होते. औषधांवर थांबून पुन्हा सीटी काढणं: जीसीएस निदान तीन गुणांनी उतरला होता, बाहुली बदलली होती, थांबण्यात अर्थ नव्हता. कुटुंबाची शंका मान्य करून शस्त्रक्रिया टाळणं. किंवा लगेच कवटी उघडणं. अंदाज बांधायला इम्पॅक्ट आणि क्रॅश ही जगभर वापरली जाणारी प्रारूपं आहेत. ती वय, जीसीएस किंवा त्यातले हालचालीचे गुण, बाहुल्या आणि सीटी बघतात; इम्पॅक्टचं ‘लॅब’ रूप साखर आणि हिमोग्लोबिनही घेतं. दोन्हींत एकही दाहसूचक नाही. वय ४८, दाखल होताना हालचाल ५, दोन्ही बाहुल्या जिवंत: ही माहिती शस्त्रक्रियेच्या बाजूने होती.

भावाला सांगितलं ते असं: “काका, हा आकडा इंजेक्शनने फुगलाय. आम्ही बाहुल्या आणि हातापायांची हालचाल बघतोय, आणि त्यावरून प्रयत्न करण्यासारखा आहे. चालायला-बोलायला किती येईल याची हमी आत्ता देत नाही.” साडेसहाला रुग्ण शस्त्रक्रियागृहात होते. रक्तसाका आणि कन्ट्युजन काढलं. मेंदू फुगलेला असल्याने हाडाचा तुकडा परत न बसवता पोटाच्या त्वचेखाली ठेवला.

इथे स्टेरॉइडबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. मेंदूच्या गाठीभोवतीची सूज डेक्सामेथासोनने उतरते, म्हणून मारानंतरही ते देण्याची सवय पडली. २००४ च्या क्रॅश चाचणीत १०,००८ रुग्णांत मिथाइलप्रेडनिसोलोन तपासलं, तेव्हा दोन आठवड्यांतले मृत्यू औषध घेणाऱ्यांत २१.१ टक्के आणि न घेणाऱ्यांत १७.९ टक्के निघाले. दाह वाढलाय, मग दाह दाबू, हा तर्क सरळ वाटतो आणि घातक ठरतो. त्या दाहातच मोडतोड साफ करण्याचं कामही चालू असतं. ८ मिग्रॅचा एक डोस त्या चाचणीतल्या डोसापुढे किरकोळ, पण तो देण्याचं कारण नव्हतं.

मधली गफलत: शून्य पॉइंट नऊ आणि शहाण्णव

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सीआरपी ९६ आला. पुण्याला शिकणाऱ्या भाच्याने दोन्ही कागदांचे फोटो शेजारी ठेवले. “मामी, परवा रात्री ०.९ होता, आज ९६. शंभरपट!” घरात रडारड सुरू झाली. पहिल्या प्रयोगशाळेचा अहवाल मिलिग्रॅम प्रति डेसिलीटरमध्ये होता, दुसरीचा मिलिग्रॅम प्रति लीटरमध्ये. ०.९ म्हणजे दुसऱ्या मापात ९. वाढ साधारण अकरापट, आणि दर आठ तासांना दुप्पट या हिशेबात शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला अगदी अपेक्षित. आयसीयूच्या तक्त्यावरही कुणीतरी ०.९ तसाच उतरवला होता. तो दुरुस्त केला.

दुसरा निर्णय: तिसऱ्या दिवशीचा ताप

तिसऱ्या दिवशी ताप १०१.४ फॅरनहाइट, सीआरपी १६८, पांढऱ्या पेशी १६,८००. शस्त्रक्रियेवेळचं सेफ्युरॉक्झिम हे अँटिबायोटिक २४ तासांनी ठरल्याप्रमाणे बंद केलेलं. मेरोपेनेम आणि कॉलिस्टिन ही तगडी अँटिबायोटिक लगेच सुरू करावीत असा एक आग्रह होता, आणि त्यामागची भीती खरी होती: ताप मेंदूला मारक, आणि निसटलेला संसर्ग जिवावर बेतू शकतो. दुसरं मत कंबरेतून मणक्यातलं पाणी काढून मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाचा संसर्ग) आहे का पाहण्याचं. तिसरं मत, नमुने घेऊन थांबण्याचं.

कंबरेतून पाणी काढणं बाजूला ठेवलं. मेंदूत सूज होती, आणि शस्त्रक्रियेनंतर त्या पाण्यात रक्त आणि पांढऱ्या पेशी असतातच, त्यामुळे अहवालाने गोंधळ वाढला असता. जखम कोरडी होती, पाणी झिरपत नव्हतं. कॉलिस्टिन मूत्रपिंडांवर ताण आणतं, आणि क्षारांचा हिशेब कोलमडला की मेंदूची सूज आवरणं अवघड होतं.

थांबण्याच्या बाजूने सर्वांत मोठी गोष्ट होती प्रोकॅल्सिटोनिनचा प्रवास. पहिल्या दिवशी १.१, तिसऱ्या दिवशी ०.५. सीआरपी चढत असताना ते उतरत होतं. शस्त्रक्रियेनंतर सीआरपीचं शिखर याच दिवसांत येतं. छातीचा एक्स-रे स्वच्छ, नळीतला स्राव पातळ आणि पांढरा, ऑक्सिजनचं गुणोत्तर (रक्तातला ऑक्सिजन आणि दिलेला ऑक्सिजन यांचं; कमी म्हणजे फुफ्फुसं बिघडलेली) ३१०, रक्तदाबाला औषधाचा आधार लागत नव्हता.

थांबणं म्हणजे नुसतं बघत बसणं नव्हे. दोन वेगवेगळ्या शिरांतून रक्त कल्चरला (जंतू वाढतात का ते पाहायला) गेलं, नळीतला स्राव आणि लघवी गेली, सेंट्रल लाइनची जागा आणि पोटावरची जखम पट्टी काढून पाहिली, रक्ताची गुठळी नाही ना हे पाहायला पायांच्या शिरांचा डॉप्लर केला. पॅरासिटामॉल १ ग्रॅम दर सहा तासांनी आणि अंगावर थंड पट्ट्या; थंडीने कुडकुड भरू न देता, कारण कुडकुडण्याने ऑक्सिजनची गरज वाढते. आणि बेडच्या डोक्याशी कागद लावला: प्रोकॅल्सिटोनिन १ च्या वर गेलं, स्राव पिवळा-घट्ट झाला, ऑक्सिजनचं गुणोत्तर २५० च्या खाली आलं किंवा रक्तदाब घसरला, तर वरिष्ठांची वाट न बघता एका तासात अँटिबायोटिक. आमच्या मते या प्रकरणातली सर्वांत मोलाची कृती हीच. पहाटे तीनला एकट्या पडलेल्या निवासी डॉक्टरला पेच राहत नाही.

पाचव्या दिवशी सीआरपी ९२, कल्चर कोरे. दाहाचं कारण पूर्ण थांबलं असतं तर १६८ वरून दोन दिवसांत तिसाच्या आसपास यायला हवा होता. तेवढा उतरला नाही, कारण जखमी मेंदू आणि दोन जखमा भरत होत्या. दिशा मात्र खाली होती. याच सुमारास इंटरल्युकिन-६ चा अहवाल आला. तो वाढलेला होता. मार, शस्त्रक्रिया, संसर्ग, कशानेही तो वाढतो; त्या अहवालाने एकही निर्णय बदलला नाही, खर्च मात्र कुटुंबाला पडला.

सातव्या दिवशी चित्र पालटलं

ताप १०२, स्राव पिवळा आणि घट्ट, गुणोत्तर १९५, उजव्या फुफ्फुसाच्या तळाशी नवी सावली. सीआरपी १४७, प्रोकॅल्सिटोनिन २.८. कागदावरच्या चारपैकी तीन अटी पुऱ्या झाल्या. स्राव कल्चरला पाठवून चाळीस मिनिटांत मेरोपेनेमचा पहिला डोस गेला.

इथे लेव्हेटिरॅसिटॅमची निवड कामी आली. झटक्यांसाठी व्हॅल्प्रोएट चालू असतं तर मेरोपेनेमने त्याची रक्तातली पातळी एक-दोन दिवसांत कोसळवली असती, आणि डोस वाढवूनही ती सावरत नाही. न्यूमोनियावर उपचार सुरू आणि चौथ्या दिवशी झटका, अशी परिस्थिती याच जोडीमुळे ओढवते.

कल्चरमध्ये क्लेबसिएला न्यूमोनिए निघाला. सेफ्ट्रायॅक्झोनला दाद न देणारा, मेरोपेनेमला देणारा. कॉलिस्टिनची गरज पडली नाही. तिसऱ्या दिवशीच मेरोपेनेम सुरू केलं असतं तर सातव्या दिवशी कोणता जंतू उरला असता हे सांगता येत नाही, पण अशा दाबाखाली उरणारे जंतू अधिक चिवट असतात. नवव्या दिवशी ट्रॅकिओस्टॉमी (गळ्याला छेद देऊन श्वासनळीत थेट नळी) केली. सात दिवसांनी, चौदाव्या दिवशी, मेरोपेनेम थांबवलं तेव्हा प्रोकॅल्सिटोनिन ०.३ आणि सीआरपी ४१ होता.

तिसरा निर्णय: पंधराव्या दिवशीचा ताप

अँटिबायोटिक बंद करून एक दिवस झाला आणि ताप पुन्हा १०२. ‘घाईने बंद केलं’ असं वाटणं साहजिक. पण या तापाची तऱ्हा वेगळी होती: दिवसातून चार-पाच वेळा, विशेषतः सक्शन (नळीतला स्राव ओढून काढणं) किंवा कूस बदलल्यानंतर, नाडी १४०, रक्तदाब १७० च्या घरात, घामाने चादर ओली, हात-पाय ताठ, अर्ध्या तासात सगळं शांत. सीआरपी ३६, प्रोकॅल्सिटोनिन ०.२, एक्स-रे सुधारत चाललेला. झटके नाहीत हे ईईजीने तपासलं. सिम्पथेटिक, म्हणजे नाडी आणि रक्तदाब वाढवणाऱ्या, चेतासंस्थेचा हा उद्रेक मोठ्या इजेनंतर दिसतो. हा उद्रेक शमवणारं प्रोप्रॅनोलॉल २० मिग्रॅ दिवसातून तीनदा सुरू केलं, सक्शनच्या आधी वेदनाशामक दिलं, आणि चार दिवसांत झटकन येणारे हे तापाचे फेरे विरळ झाले. इथे उतरत्या दाहसूचकांनी अँटिबायोटिकचा दुसरा फेरा टाळला.

परिणाम

सतराव्या दिवशी व्हेंटिलेटर सुटला, एकतिसाव्या दिवशी रुग्ण घरी गेले. तीन महिन्यांनी पोटातलं हाड परत बसवलं. त्याआधी सीआरपी ३ होता. सहा महिन्यांनी विस्तारित ग्लासगो परिणाम मापनावर ८ पैकी ५ गुण. म्हणजे घरात स्वतःचं सगळं स्वतः करतात, एकटे राहू शकतात, पण कामावर परतलेले नाहीत. उजव्या हाताची पकड थोडी कमी, नेमका शब्द आठवायला वेळ लागतो, तीन आकडी बेरीज मध्येच सुटते आणि मग चिडचिड होते.

वेगळं काय करता आलं असतं

प्रयोगशाळेच्या मागणीपत्रावर ‘स्टेरॉइड दिलं का, किती वाजता’ ही एक ओळ हवी. ती असती तर १८.२ च्या शेजारीच स्पष्टीकरण असतं आणि ‘परिणाम वाईट’ हे शब्द नोंदीत आले नसते. पहिल्या चोवीस तासांतल्या एकट्या एनएलआरवरून नोंदीत भाकीत लिहूच नये.

मापाचं एकक आकड्याला चिकटून लिहावं, आणि दोन प्रयोगशाळांचे अहवाल एका तक्त्यावर उतरवण्याआधी एका मापात आणावेत. कुटुंबाच्या हाती कागद जातातच. रोज संध्याकाळी पाच मिनिटं बसून ‘आजचा आकडा का वाढला’ हे मराठीत सांगितलं असतं तर मामींना ते भाच्याच्या फोनवरून कळण्याची वेळ आली नसती.

न्यूमोनिया टळला असता का? कदाचित. चौथ्या दिवशी सीटीसाठी नेताना-आणताना नळीच्या कफचा दाब मोजल्याची नोंद नाही. तो २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतका हवा, हलवाहलवीत तो उतरतो आणि घशातला स्राव खाली गळतो. त्याच फेरीत रुग्ण बराच वेळ सपाट झोपवलेले होते आणि नाकातल्या नळीचं अन्न निघण्याच्या थोडंच आधी थांबवलं होतं. जीसीएस ८ आणि डाव्या बाजूची मोठी इजा बघता ट्रॅकिओस्टॉमीचा विचार सहाव्या दिवशीच करता आला असता.

सर्वांत मोठी उणीव आयसीयूच्या बाहेरची. स्मरणशक्ती आणि लक्ष यांची तपासणी दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस झाली, वाचा-उपचार त्यानंतर. घरी जाण्याच्या आठवड्यातच ती करायला हवी होती, आणि पेढीच्या मालकांशी बोलून दोन तासांचं, फक्त पावत्या लावण्याचं काम तिसऱ्या महिन्यापासून मागायला हवं होतं. आता ते बोलणं सुरू आहे.